फार स्वच्छ पाणी

नणंद फोनवर म्हणायची, त्या घरात आता तिघं उरलेत. दोघं बोलत नाहीत आणि तिसरा दगड आहे.

तिसरा म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं प्रवाळ. टाकीत दोन नारिंगी मासे होते, काचेला चिकटून फिरणाऱ्या गोगलगायी होत्या, पण नणंदेनं त्यांना हिशेबात धरलं नव्हतं. प्रवाळ तिच्या भावानं आणलं होतं, लिंबाएवढं असताना, आणि दोन ओंजळींत मावणार नाही इतकं वाढवलं होतं. मेंदूसारख्या वळ्या, वळ्यांच्या कडा तांबूस, मधले खळगे हिरवे. आल्यागेल्याला तो ते दाखवायचा आणि हे झाड नाही, दगडही नाही, प्राणी आहे, याला तोंडं आहेत, असं सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि दगडच बघून जायचे.

मग तो गेला. कामावरून परत येताना, वाटेत, कुणाला काही कळायच्या आत. घरात त्याची बायको राहिली आणि त्याचे वडील. टाकीची मोटार चालूच राहिली, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. सकाळी लवकर निघायची, दिवसभर लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरायची आणि संध्याकाळी परतायची. कामात तिची चूक होत नव्हती. वरिष्ठांनी एकदा विचारलं, सुट्टी हवी का, तर ती नको म्हणाली. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, पण जेवणाच्या वेळी जेवण जात होतं. हातपाय आपापली कामं करत होते आणि ती त्यांच्या मागून चालत होती.

सासऱ्यांचा एके काळी फोटो स्टुडिओ होता. डोळे अधू झाले तसा त्यांनी तो बंद केला, पण चालणं-बोलणं अजून स्टुडिओवाल्याचंच होतं, माणसाकडे बघायचे ते हनुवटी किंचित वर करायला सांगणार असल्यासारखे. सून आणि सासरे यांच्यात वाकडं काहीच नव्हतं. भांडण असतं तर बरं, भांडणात निदान बोलावं लागतं. इथे ती म्हणायची, बाबा, जेवायला वाढलंय, आणि ते म्हणायचे, आलो. बस. मुलाचं नाव दोघांनीही घेतलं नव्हतं. तिला वाटे, म्हाताऱ्या माणसासमोर कशाला, आणि त्यांना वाटे, पोरीसमोर कशाला.

नणंदेनं तिच्या घरी वडिलांसाठी एक खोली तयार केली होती. पडदेसुद्धा शिवून झाले होते. ती रोज फोन करायची आणि सासरे रोज काहीतरी कारण सांगायचे. शेवटी एक दिवस, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं, ते फोनवर म्हणाले, "त्याचं ते प्रवाळ जिवंत आहे तोवर मी इथून हलायचा नाही. ते गेलं की ये गाडी घेऊन."

सून तेव्हा स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पुसत होती. तिनं ऐकलं आणि झाकण पुसून झालं तरी पुसत राहिली. प्रवाळ मेलं तर सासरे जाणार, आणि मग या घराला आतून कडी घालणारी आणि बाहेरून कुलूप घालणारी ती एकटीच. हे वाईट की बरं, ते तिला ठरवता आलं नाही. पण त्या दिवसापासून कामावर जाताना ती टाकीपाशी थांबायला लागली.

आणि प्रवाळ पांढरं पडत होतं.

सुरुवात कधी झाली ते सांगता येणार नाही, कारण त्या दिवसांत तिला सगळंच फिकट दिसत होतं. आधी तांबूस कडा गुलाबी झाल्या, मग हिरव्यातलं हिरवं उतरलं, आणि एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण चुन्याच्या गोळ्याकडे बघतोय. सासरे मागच्या खुर्चीवर होते. त्यांचीही नजर त्याच गोळ्यावर होती. ती चपला घालून निघून गेली.

परतताना ती शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. दुकानदाराचं मासे सोडून बाकी सगळ्या विषयांवर मत होतं. आज त्यानं माशांवरही दिलं. म्हणाला, पांढरं झालं म्हणजे गेलं, ताई, उचलून फेका. मी मस्त हिरवागार तुकडा देतो, घरी कुणाला कळणारसुद्धा नाही. तिनं विचारलं, तुम्ही न बघता कसं सांगता? तो म्हणाला, "मेलेलं काय बघायचं? तुम्ही तरी मेल्यावर रक्त तपासता का?"

बोलून गेल्यावर त्याला तिच्या घरातली हकीकत आठवली असावी. त्यानं मान खाली घातली आणि उगाच जाळी धुवायला घेतली. तिला काहीच वाटलं नव्हतं. पण प्रश्न तिच्या डोक्यात राहिला. मेलंय हे कुणी पाहिलंय? तपासल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, हे तिच्या धंद्यातलं पहिलं वाक्य होतं, आणि ती इतके दिवस न तपासताच गृहीत धरून बसली होती.

घरी आल्यावर तिनं सासऱ्यांकडे त्यांचं भिंग मागितलं. फिल्मवर ठेवून बघायचं, बुटकं, जाड काचेचं. कित्येक आठवड्यांत तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. त्यांनी काही न विचारता ते कपाटातून काढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि दिलं. पंप बंद करून, पाणी निवळल्यावर तिनं काचेला भिंग लावलं.

मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा उघडा पडतो. त्याच्या कडा करवतीसारख्या धारदार दिसतात आणि दोन-चार दिवसांत त्यावर शेवाळाची लव धरते. इथे एका बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, तसं झालं होतं. बाकी सगळीकडे सांगाड्यावर एक पातळ, ओला, काचेसारखा पडदा होता. बारीक बघितलं तर तो किंचित फुगत होता आणि बसत होता.

"मांस आहे," ती म्हणाली. "बाबा, मेलेलं नाही. रंग गेलाय."

मग तिला सांगावं लागलं, कारण ते ऐकत उभे होते. प्रवाळाच्या अंगात अगदी सूक्ष्म शैवाल राहतं, डोळ्यांना न दिसणारं. ते उजेडावर जगतं, साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी घरमालकाला देतं. प्रवाळाच्या बाकीच्या रंगांखाली असतो तो तपकिरी रंग त्याचाच. पण घरमालकाला त्रास झाला, पाणी तापलं, बिघडलं, काही सोसवेना, की तो पहिल्यांदा भाडेकरू बाहेर काढतो. मग अंग पारदर्शक होतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसतो. तो काही दिवस तसा जगतो, पण कमावणारं कुणी नसल्यामुळे हळूहळू उपाशी मरतो.

त्रास कसला, हे शोधायचं होतं. तिनं लॅबमध्ये करतात तसं एकेक नाव खोडायला घेतलं. पाण्याचं तापमान दोन थर्मामीटरनी पाहिलं, ठीक. खारटपणा ठीक. क्षार ठीक. मग नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारा भाग. तिनं पाण्यात रसायनाचे थेंब टाकून नळी हलवली. गुलाबी यायला हवी ती पाण्यासारखी स्वच्छ राहिली. शून्य. फॉस्फेटचीही तीच गत.

तिला बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायची जी जागा असते तिथे जरा हललं. लघवीत साखर शून्य, प्रथिनं शून्य, जंतू शून्य, तिच्या टेबलावर शून्य म्हणजे माणूस घरी जाणार. तिनं नळ्या धुऊन पालथ्या घातल्या. पाणी तर निर्दोष आहे, मग आजार कुठला?

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये, सकाळचा कंट्रोल मशीनला लावताना, तिचा हात थांबला. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. मशीन खरं बोलतंय ना हे बघण्यासाठी तो रोज पहिल्यांदा लावायचा. घरच्या तपासणीला तिनं कंट्रोल लावलाच नव्हता. आणि त्याहून साधी गोष्ट, टाकीत मासे आहेत, ते खातात आणि घाण करतात. अशा पाण्यात शून्य येईलच कसं?

संध्याकाळी तिनं ग्लासभर पाण्यात कुंडीतल्या खताचा एक कण विरघळवला आणि तीच तपासणी केली. नळी लालभडक झाली. म्हणजे रसायन खरं बोलत होतं. टाकीतलं शून्य हे खरोखरचं शून्य होतं. पाण्यात काहीच नव्हतं, खायलासुद्धा. प्रवाळ आणि त्याचं शैवाल यांनाही थोडी घाण लागते, त्यावरच ते पोसतात. नवरा असताना काचेवर कायम थोडं शेवाळ असायचं, येता-जाता तो माशांना चिमूटभर खाणं टाकायचा आणि ती म्हणायची, किती गचाळपणा. तो म्हणायचा, समुद्राला कोण पुसतंय?

तो गेल्यावर तिनं टाकी नीट ठेवायला घेतली होती. दर सुट्टीच्या दिवशी, सासरे दुपारी झोपले की, ती मीठ कालवून पाणी बदलायची आणि फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी खालच्या गाळणीत ठेवायची. पण तिनं बोटांवर मांडून पाहिलं, तेवढ्यानं इतकं काही उतरत नाही. मीठही लवकर संपत होतं. तिला वाटलं होतं, आपलंच मोजमाप चुकतंय, हल्ली लक्ष कुठे असतं.

तिनं टाकीखालचं कपाट उघडलं आणि गाळणीच्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला. तिची पिशवी हाताला लागली. तिच्या मागे आणखी एक लागली. बाहेर काढली तर तशाच दाण्यांची पिशवी, तोंड बांधलेलं नाही, तर ओली फिल्म वाळत घालायची पत्र्याची चिमटी लावलेली.

सासरे खुर्चीवरून बघत होते. ती ओली पिशवी धरून तशीच उभी राहिली.

"तुम्ही पाणी बदलता?"

"तू कामावर गेलीस की. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा," ते म्हणाले. "तुला दिवसभर काम असतं. परत आल्यावर आणखी हे कशाला."

"मी सुट्टीच्या दिवशी बदलते. तुम्ही झोपलात की."

त्यांनी खुर्चीतून वाकून टाकीतल्या पांढऱ्या गोळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात. इथे एकाच घरात उपाशी ठेवला आपण त्याला."

ते हसले नव्हते, पण बऱ्याच दिवसांनी ते एवढं लांब वाक्य बोलले होते. मग एक सुरू झालं म्हणून दुसरंही निघालं. फोटोचा कागद शेवटी भरपूर पाण्यात धुवावा लागतो, त्यात जरा रसायन राहिलं की वर्षभरात फोटो पिवळा पडतो. त्यांनी आयुष्यभर धुतलं, आणि टाकीही तशीच धुतली. तिला एकदम एक शंका आली. तिनं टाकीवरच्या दिव्याचं बटण पाहिलं. ते अगदी शेवटापर्यंत फिरवलेलं होतं. ती यायची तेव्हा दिवा आपोआप मंद झालेला असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"ते मीच," सासरे म्हणाले. "रोज थोडं थोडं. फिकट पडत होतं ना."

"म्हणून उजेड वाढवला?"

"कागद फिकट आला तर उजेड जास्त द्यायचा. काळा होतो." त्यांनी हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. "दुसरं मला काय येतं?"

तिला रागवायला हवं होतं किंवा त्यांच्याजवळ जायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही. शून्य बघून ती स्वतःही नळ्या धुऊन मोकळी झालीच होती. अंगात भाडेकरू नाही, पोटात अन्न नाही, आणि वर भर दुपारचं ऊन. तिनं दिव्याचं बटण खाली आणलं, निम्म्याच्याही खाली, आणि दोन्ही पिशव्या काढून बादलीत टाकल्या.

मग उपचार. पाणी बदलणं काही काळ बंद, आणि नंतरही दोघांपैकी एकानंच, तेही कमी. माशांना खाणं जास्त. आणि प्रवाळाला भरवायचं. कोळंबीचा मोहरीएवढा तुकडा चिमट्यानं खळग्यावर ठेवायचा आणि वाट बघायची. सासरे कोळंबी कापायचे. डोळे अधू, पण हातांना रिटचिंगची, फोटोवरचे डाग बारीक ब्रशनं मिटवायची सवय होती, तुकडे एकसारखे पडायचे. पहिल्या काही वेळा तुकडा तसाच पडून राहिला आणि माशानं पळवला. सासरे म्हणाले, जेवायला बसवलंय एकाला आणि ताट नेतोय दुसराच. मग तिनं बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून प्रवाळावर पालथा घातला, आणि मासे बाहेरून टकमक बघत राहिले.

एका संध्याकाळी, दिवा मंद झाल्यावर, खळग्याच्या कडेनं केसासारखे तंतू बाहेर आले. तुकड्याच्या बाजूचं मांस इतकं सावकाश वर सरकलं, की सरकताना दिसलं नाही, सरकल्यावर कळलं. दोघांनी ते पाहिलं. त्या दिवशी जेवताना सासरे मुलाचं नाव घेऊन म्हणाले, तो लहानपणी असाच जेवायचा, तासभर. ती म्हणाली, मोठेपणीसुद्धा. एवढंच झालं. पण तिनं पोळी अर्धी जास्त खाल्ली.

एका बाजूची नाण्याएवढी जागा वाचली नाही. तिथे शेवाळ धरलं आणि ते बशीएवढं होईल अशी तिला भीती होती, पण ते होतं तिथेच थांबलं. बाकीच्या अंगावर, कितीतरी आठवड्यांनी, एक रंग यायला लागला. तांबूस नाही, हिरवा नाही. पातळ चहासारखा मळकट तपकिरी. भाडेकरू परत येतात ते आधी असेच येतात, बाकीचे रंग घरमालक सवडीनं चढवतो, किंवा चढवतही नाही.

नेमकी त्याच दिवसांत नणंद आली, न सांगता, गाडी घेऊन. कुणीतरी तिला सांगितलं होतं की पांढरं पडलंय. तिनं पर्स टेबलावर ठेवली, टाकीत डोकावली आणि वडिलांकडे वळली.

"हे तर गेलंय, बाबा. फरशी पुसायच्या फडक्यासारखं दिसतंय. चला, बॅग भरू या."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती आत गेली, कोळंबी घेऊन आली, पंप बंद केला, बाटली पालथी घातली, तुकडा ठेवला आणि बाजूला झाली. नणंद उभ्या उभ्या पडद्यांचं सांगत होती, रस्त्यातल्या गर्दीचं सांगत होती, तुम्ही दोघं वाळून चाललात म्हणत होती. मग बोलता बोलता ती टाकीजवळ गेली, आणखी जवळ गेली, आणि बोलायची थांबली. तुकडा अर्धा आत गेला होता.

"खातंय हे," ती हळू आवाजात म्हणाली. भावानं तिला दहादा सांगितलं होतं, याला तोंडं आहेत. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला.

सासरे खुर्चीत बसले. त्यांचा विचार आधीच झालेला असावा, कारण ते अडखळले नाहीत. म्हणाले, आता जगेल हे. मला तेवढंच बघायचं होतं. दोघांनी हात घातला की काय होतं ते आपण पाहिलं, आता एकीच्या हाती राहिलेलं बरं. मग त्यांनी सुनेला विचारलं, "तुला एकटीला जमेल ना?"

लॅबमध्ये लोक खिडकीशी येऊन विचारतात, काही वाईट नाही ना? त्यांना एकच उत्तर हवं असतं. काचपट्टीवर नसलेलं उत्तर तिनं आजवर कुणाला दिलं नव्हतं.

"जमेल," ती म्हणाली. "एकटीला जास्त नीट जमेल."

नणंदेनं पर्स उचलली.

"पण तुम्ही राहा."

सासऱ्यांनी हात कानामागे नेला. त्यांना ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं होतं. तिनं पुन्हा सांगितलं, नमुन्याचा नंबर सांगतात तितक्याच सपाट आवाजात, फक्त मोठ्यानं.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

तिनं खरोखर विचार केला. "ते मला अजून कळलं नाही," ती म्हणाली. "पण राहा."

ते तिच्याकडे बघत राहिले, हनुवटी वर करायला न सांगता. मग लेकीला म्हणाले, पुढच्या आठवड्यात चार दिवस येईन, पण परत आणून सोडायचं कबूल असेल तर. नणंद म्हणाली, म्हणजे मी ड्रायव्हरच झाले. पडदे शिवले, पदरचं पेट्रोल घातलं आणि हे वर. ते म्हणाले, शिवलेस तर लाव, खिडकीला पडदा लागायला आत म्हातारा लागतो का? बापलेकीचं असं सुरू झालं, ते पुढे बराच वेळ चालणार होतं. ती कुकर लावायला आत गेली.

तांदूळ धूत असताना बाहेरून नणंदेची हाक आली, याला आता परत खायला कधी घालायचं?

"परवा," ती आतून म्हणाली.

"परवा मी घालीन," सासरे म्हणाले. "तू घालू नकोस."